आधी बहिणीकडचा चहा

“कागद मागनं बघू. आधी बहिणीकडचा चहा पिऊ,” असं म्हणून सुभेदार मिशीवरून बोट फिरवायचे. लष्करातून निवृत्त होऊन ते जमिनीच्या व्यवहारात पडले होते, आणि कराडच्या आसपासचं रान त्यांना तोंडपाठ होतं.

मी विश्रामबागेतल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. गुंतवणूक म्हणून मलकापुरात पहिलावहिला प्लॉट घ्यायला निघालेलो. बायकोचे दागिने मोडले होते. अक्कल शून्य आणि घाई अफाट! कुणीतरी सुभेदारांकडे धाडलं. त्यांनी पहिल्याच दिवशी मला ‘मास्तर’ करून टाकलं.

जमीन वारसाची. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर भावाचं एकट्याचंच नाव लागलेलं. बहीण कुंडलला दिलेली.

“तिचं काय न्हाई ओ, ती सुखात हाय,” मालक म्हणाला. “उद्या बारापतूर खरेदी करा, न्हाईतर दुसरं गिऱ्हाईक तयार हाय.”

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून रजिस्टर ऑफिसला जायला तयार, तर सुभेदारांनी गाडी वळवली कुंडलकडे. वाटभर खिशात मालकाचा फोन वाजत होता. मनात सुभेदारांना मी जे काही म्हणालो, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बहिणीनं चहा केला. एक घोट घेऊन सुभेदारांनी हळूच विचारलं, “ताई, मलकापूरचं रान भाऊ इकतोय. ठावं हाय न्हवं?”

तिच्या हातातली बशी तशीच राहिली. “कवा?” एवढंच ती म्हणाली.

व्यवहार तिथंच मोडला. परतताना मी मागे बसून मालकाचे फोन कापत होतो. गावाबाहेर सुभेदारांनी गाडी थांबवली.

“मास्तर, आईच्या तेराव्याला मी बी भनीची सही घेतली. ‘हितं कर गं’ म्हनलं, तिनं केली. कशाची ते इचारलं बी न्हाई. रान इकल्याचं तिला लोकांकडनं कळलं. तवापास्नं माहेरी आली न्हाई.”

“मग तिच्याकडं जा की चहाला.”

“जायचं हाय,” म्हणाले आणि त्यांनी किक मारली.

पुढं त्यांच्याबरोबर मी कितीतरी बहिणींच्या घरचा चहा प्यालो. मलकापुरातच दुसरा प्लॉट घेतला, त्याच्या मालकाच्या दोन्ही बहिणींना समोर बसवून. दर वेळी परतताना विचारायचो, “आणि तुमच्या भगिनी?”

“जायचं हाय, मास्तर.”

यंदाच्या थंडीत सुभेदार गेले. मी त्यांच्या घरी पोचलो तेव्हा सोप्यात एक म्हातारी बसली होती. नाक हुबेहूब त्यांचं. शेजारणीनं आणलेला चहा तिनं बाजूला सारला होता.

“माझ्याबद्दल कवा काय बोलला का?” तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. कुंडलची वाट, त्यांनी थांबवलेली गाडी, तेराव्याची सही.

“समद्यांच्या भनींकडं जात हुता व्हय,” ती म्हणाली. “मग माझ्याकडं कवा येनार हुता?”