मिठाच्या बर्फातली कुपी

खोक्याच्या झाकणावर उलटा हात ठेवायचा, लेकराचा ताप पाहतात तसा, आणि मग म्हणायचं, "गार हाये. घ्या." एवढं झाल्याशिवाय ते सहीचा कागद पुढे करायचे नाहीत.

अकोल्याच्या एका कुरिअर कचेरीतून ते आमच्या अमरावतीच्या प्रयोगशाळेत माल घेऊन यायचे. वय पंचावन्नच्या आसपास, डोक्याला पांढरा दुपट्टा, गाडीच्या मागच्या सीटवर रबरी पट्ट्यानं बांधलेलं थर्माकोलचं खोकं. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. तुमच्याही दारात असं एखादं माणूस येत असेल. आपण सही करतो आणि दार लावून घेतो. मी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, कायम घाईत, त्यातून स्वभावानं तिखट.

"काय असते वं ताई याच्यात?" एकदा त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, आपल्या अंगातली पेशी बिघडली की तिला 'आता मर' असं सांगणारं एक प्रथिन असतं. आहे माणसाचंच, पण हल्ली ते जिवाणूंकडून तयार करून घेतात. कॅन्सरच्या पेशी त्याचं ऐकतात की नाही, ते मी तपासते.

"म्हनजे यमाचं समन्स," ते म्हणाले. "आन् मी बेलीफ!"

त्या मे महिन्यात खोकं अकोल्यात दोन दिवस अडकलं. माझ्या हातात आलं तेव्हा सील तुटलेलं. झाकण काढलं तर आत पाणी, बर्फाचे खडे आणि पिशवीत बंद असलेली माझी इवलीशी कुपी त्यात बुडालेली. मी तोंडाला येईल ते बोलले.

"आयका तं खरी," ते म्हणाले. "कचेरीत हात लावून पाह्यला, खोकं गरम. उघडलं, तं आतला बर्फ कोन्या भामट्यानं चोरून नेलता. पान्याचा थेंब नाई! मंग रसवंतीतून बर्फ आनला आन् मीठ टाकलं."

"मीठ?"

"लग्नात आइस्क्रीम करतो ना आमी. मिठाबिगर बर्फाले जोर येत नाई."

चोरी कुणीच केली नव्हती. असल्या खोक्यात कोरडा बर्फ असतो. तो वितळत नाही, वायू होऊन उडून जातो, मागे ओलही राहत नाही. पण हे समजावून सांगण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते. ती कुपी मिळायला महिनोन्‌महिने वाट पाहिली होती. प्रथिन खराब झालं असतं तर माझं अख्खं वर्ष पाण्यात गेलं असतं. त्याच दुपारी मी कुरिअरच्या कचेरीला मेल टाकला: तुमच्या माणसानं सील तोडलं, प्रथिन खराब झालं, जबाबदार तोच. खराब झालं की नाही, हे मी अजून तपासलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॅन्सरच्या पेशींवर प्रथिन टाकलं. तिसऱ्या दिवशी काका आले, रिकाम्या हातानं, गाडी नाही, एस.टी.नं.

"आज सुट्टी वाटतं?" मी विचारलं.

"हाव, तसंच समजा. ते जगलं का, ताई?"

मी त्यांना सूक्ष्मदर्शकाशी नेलं. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. आम्ही कधी काढत नाही. आधी प्रथिन न टाकलेल्या पेशी दाखवल्या, ऐसपैस पसरलेल्या. मग प्रथिन टाकलेल्या. त्या आकसल्या होत्या, अंगावर फोड येऊन त्यांचे तुकडे पडत होते.

"ह्या मेल्या?"

"मेल्या, काका. म्हणजे प्रथिन ठणठणीत आहे. तुमच्या मिठानंच वाचवलं."

"आता हसू का रडू, समजून नाई राह्यलं मले," ते म्हणाले, आणि पुन्हा एकदा डोळा लावून बघत राहिले. "पन तुमचं साल वाचलं ना? बस. दोन दिवस जेवन गेलं नाई मले."

मी चहा केला. मेलची गोष्ट काढायला जीभ रेटली नाही. ते गेल्यावर मात्र लगेच दुसरा मेल लिहिला: प्रथिन उत्तम आहे, तक्रार मागे घेते, त्यांच्यामुळेच ते वाचलं. लिहून झाल्यावर मला फार बरं वाटलं.

पुढचं खोकं महिन्याभरानं आलं. आणणारा दुसराच गृहस्थ होता. काका कुठे आहेत, विचारलं.

"त्याईले काढलं ना मॅडम. तुमचा मेल आला, त्याच संध्याकाळी."

"पण मी दुसरा मेल पाठवला होता!"

"आलता. पन तवर त्याईच्या जागेवर मले घेतलं होतं."

म्हणजे त्या दिवशी ते आले, तेव्हा त्यांची नोकरी गेलेली होती. अकोल्याहून एवढ्या उन्हात, एस.टी.नं, फक्त प्रथिन जगलं का ते बघायला.

"तक्रार कुणी केली, हे त्यांना ठाऊक होतं?" मी भीत भीत विचारलं.

"हाव. साहेबानं तुमचा मेल मोठ्यानं वाचून दाखोला त्याईले."

मला लाज वाटली. आजही वाटते. सगळं ठाऊक असून त्यांनी माझ्यासमोर बसून चहा घेतला होता, कप स्वतः विसळून ठेवला होता आणि दारात चपला घालता घालता म्हणाले होते, "टायमावर जेवत जा, ताई. तोंड लय सुकलं तुमचं."