रंभाबाईच्या बांध्यांचा रंग

ताराचंदला खोटं बोलता येत नव्हतं असं कोणी सांगितलं, तर ऐकू नका. बोलता यायचं, पचायचं नाही एवढंच.

साकोलीचा हा गडी १९८६ साली नकाशाच्या कचेरीत मदतनीस होता. उपग्रहानं काढलेल्या चित्रांवरून भंडारा जिल्ह्यात शेत किती, जंगल किती, पाणी किती, ते ठरवायचं काम चाललं होतं. त्या चित्रांतली तऱ्हाच न्यारी! हिरवं जंगल लालभडक, तलाव काळे. एखादा रंग ओळखू आला नाही, की ताराचंदनं जागेवर जाऊन पाहायचं आणि साहेबांना सांगायचं. मग तेवढ्या रंगाला कॉम्प्युटर जिल्हाभर तेच नाव देणार.

माघात वासुदेवराव साहेबांनी जंगलाच्या कडेच्या एका फिकट ठिगळावर बोट ठेवलं. "हा रंग जिल्हाभर सांडलाय. ही जागा सडकेलगतची आहे, नमुना हिचाच घेऊ. पाहून या."

पाहायचं काय डोंबल! त्या त्याच्या थोरल्या बहिणीच्या, रंभाबाईच्या बांध्या होत्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं. आई गेल्यावर त्याला तिनंच वाढवलं होतं. तिच्या नवऱ्यानं, भोजराजनं, जंगल तोडून तिथं धान लावलं होतं, तेही जमिनीच्या सरकारी पट्ट्याशिवाय. खरं सांगितलं, की जंगलवाले दारात उभे राहणार.

तरी तो गेला. धान कापून बांध्या उघड्या पडल्या होत्या. रंभाबाईनं त्याच बांध्यांतल्या तांदळाचा भात वाढला.

"काहून गप्प हायेस रे?"

त्यानं सारं सांगून टाकलं.

"मंग? काय सांगशीन साहेबाले?"

"तुह्या अन्नात मी माती कालवीन का, बाई?"

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढं तो ठासून म्हणाला, "झुडपी जंगल आहे, साहेब." एका जागेचा रंग म्हणजे साऱ्या जिल्ह्याचा, हे बहिणीच्या मायेत तो पार विसरला.

नकाशा तयार झाला, तेव्हा साकोलीपासून पवनीपर्यंत कापलेल्या धानाच्या बांध्या झुडपी जंगल होऊन बसल्या होत्या. ताराचंदच्या बापाचं शेतसुद्धा!

"तिथं खरं काय आहे?" साहेबांनी त्याच फिकट ठिगळावर बोट ठेवून शांतपणे विचारलं.

एकीकडं बहीण, दुसरीकडं जिल्ह्याची सारी शेती. फार वाईट वाटलं ताराचंदला, पण तो बोलला.

"धान, साहेब."

नकाशा दुरुस्त झाला. पावसाळ्यात जंगलवाल्यांनी रंभाबाईच्या बांध्यांत साग लावला. भोजराज दुसऱ्यांच्या बांध्यांत रोपं लावायला, रोवण्याला, मजुरीनं जाऊ लागला.

भाऊबीजेला जायला ताराचंदचा पाय उचलेना, पण गेला. रंभाबाईनं ओवाळलं, पाट मांडला, ताट वाढलं. ताराचंद खाली मान घालून बसून राहिला. घास काही उचलेना.

"जेव ना," ती म्हणाली. "इकतचा तांदूळ हाये. साहेबाले सांगा लागत नाही."