शेख जलालचं नर्सिंग

पुसदच्या बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. मी धर्मपाल. चौदा वर्षं झाली फॉर्म भरून राह्यलो, अन् चूक झाली की ती गिऱ्हाइकाची, असंच समजत होतो. अतियानं माझा हा माज उतरवला.

अतिया म्हणजे गॅरेजवाल्या जलालभाईची पोट्टी. बारावीले चांगले मार्क, अन् नर्सिंगले जायचं म्हणजे जायचं. गेल्या साली तिचा फॉर्म मीच भरला. दुकानात गर्दी होती. तिचं नाव आधी एकदा टाईप केलेलं होतं, ते कॉम्प्युटरनं ध्यानात ठेवलं अन् खाली पट्टी दाखवली, हेच भरू का? मी म्हटलं, भर बाबा. आयतं मिळते तर कोण सोडते.

आता आमच्याकडं मुसलमानायची नावं कशी असतात पाहा. शेख अतिया बानो शेख जलाल. पुढं शेख, मंग पोरीचं नाव, पुन्हा शेख, अन् शेवटी बाप. फॉर्मात चौकटी दोनच, नाव अन् आडनाव. कॉम्प्युटरनं पहिला शब्द नावात टाकला, शेवटचा आडनावात. मधली पोरगी गळाली. यादी लागली, तर नर्सिंगले नंबर कोणाचा? शेख जलालचा! आता घ्या.

कॉलेजच्या खिडकीवरचा माणूस हसला. मार्कशीटवर हे नाव नाही, म्हणे, बापालेच पाठवा नर्सिंगले. दुरुस्तीची तारीख उलटून गेलती. पोरीचं वर्ष गेलं.

मी आठ दिवस गॅरेजच्या रस्त्यानं गेलो नाही. शरम वाटत होती, खोटं कायले बोलू. नवव्या दिवशी अतियाच दुकानात आली. मी शिव्या खायच्या तयारीनं बसलो.

"काका," ती म्हणाली, "शेख त्या चौकटीत कोणं टाकलं?"

"कॉम्प्युटरनं."

"अन् त्याले कोणं शिकवलं?"

मले कुठं माहीत! पण पोट्टी हट्टी. रोज दुपारी दुकानात येऊन बसायची अन् शोधायची. एक दिवस मलेच शिकवाले लागली. फॉर्मातल्या हरेक चौकटीमागं एक चिठ्ठी असते, आपल्याले दिसत नाही. फॉर्म बनवणारा तिच्यावर लिहिते, इथं नाव, इथं पत्ता, इथं पासवर्ड. ब्राउझर ती चिठ्ठी वाचते अन् भरते. या चिठ्ठ्यायचे नियम माणसंच ठरवतात, त्यायची चर्चा नेटवर उघडी चालते, तिथं कोणीबी लिहू शकते. मी म्हटलं, बाई, पुसदची पोरगी काय म्हणते हे ते कायले वाचतील?

तिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलंच. आधी विचारून विचारून गावातली चाळीस नावं जमा केली. त्यात झरीहून इकडं आलेल्या एका कोलाम आदिवासी बाईले तर आडनावच नव्हतं. नावाले एकच सलग चौकट द्या अन् ब्राउझरनं ते नाव तोडू नये, एवढीच तिची मागणी. तिकडून एकानं विचारलं, शेख शेवटी लिहिलं तर तुमचं काय बिघडते? माझं डोकं सटकलं. तिचं नाही सटकलं. तिनं उत्तर दिलं, "आमचं नाव चुकलं नाही. चौकट चुकली."

मंग तीन महिने सामसूम. मी मनात म्हणत होतो, झालं, पालथ्या घड्यावर पाणी. अन् एका सकाळी त्या नियमवाल्यायचा निरोप आला. तिची चाळीस नावं तपासणीच्या यादीत घेतली होती. नवा ब्राउझर ती नावं न तोडता भरते का, हे पाहूनच पुढं सोडणार. कॉलेजचा फॉर्म बनवणाऱ्या कंपनीलेही तिनं हे सारं पाठवलं होतं. औंदाच्या फॉर्मात नावाले एकच लांब चौकट आली. मले तर रडूच आलं, सांगाले लाज नाही.

फॉर्म भरताना खाली पुन्हा पट्टी आली. यावेळी आम्ही दोघायनं अक्षर अन् अक्षर वाचलं, मंगच बटन दाबलं.

काल यादी लागली. जलालभाई ऑइलच्या हातानंच दुकानात आले. चष्मा नव्हता, म्हणून मी नाव मोठं करून दाखवलं. शेख अतिया बानो शेख जलाल. त्यायनं ते दोनदा वाचलं.

"आता बरोबर आहे, धर्मपालभाऊ," ते म्हणाले. "पोरगी पुढं, बाप मांगं."