फक्कीचं घर

टेलरकाकूंनी जन्मात कधी चित्र बघून कपडा बेतला नाही, मग घर काय बेतणार! आर्किटेक्ट भाचीने लॅपटॉप उघडताच त्या म्हणाल्या, "बाई गं, मिट ते. मी जागेवरच आखते."

मागच्या उन्हाळ्यात डोंगरावरून वणवा उतरला आणि घराची राख झाली. गेलं ते गेलं, काकू हातपाय गाळून बसणाऱ्यातल्या नव्हत्या. पण काका! त्यांनी एकच धोशा लावला होता, "परत आग आली तर? तू बांध, तूच राहा." आता नवऱ्याशिवायचं घर काय चाटायचंय?

सकाळीच काकूंनी गळ्यात टेप अडकवली आणि चुन्याच्या फक्कीने जमिनीवर खोल्या आखल्या. भाची बघते तर काय, स्वयंपाकघर थेट रस्त्यावर!

"मावशी, ओटा गाड्यांखाली जाणार!"

काकूंनी सवयीने प्रत्येक खोलीला चारी बाजूंनी शिलाईपुरती जागा जास्त सोडली होती, त्यामुळे घर फुगत रस्त्यापर्यंत गेलं होतं.

"भिंती काय उसवून मोठ्या करणारेस?" भाची पोट धरून हसत सुटली.

"हस मेली!" म्हणत काकूंनी सगळं पुसलं. खोल्या एकमेकींना चिकटवल्या आणि शिलाईची उरलेली सगळी जागा घराभोवती सोडली.

जेवायची वेळ टळली तशी काका शोधत आले. रस्त्यावरच थांबले.

"हा रिकामा पट्टा कशाला?"

"ही शिलाई. इथे झाड नाही, लाकूड नाही, पाचोळासुद्धा ठेवणार नाही. आग आलीच तर तिने खायचं काय?"

काका पट्ट्याच्या कडेकडेने चालत घराला पूर्ण फेरी मारून आले. मग दाराच्या रेघेपाशी आले आणि चक्क वाकून आत शिरले. वर मोकळं आभाळ!

"अहो, वाकता काय? जुन्या दाराने कपाळ फोडलं, म्हणून हे उंच केलंय!"

काकांचा हात कपाळाकडे गेला आणि ते खो खो हसले.

हसू ओसरलं तसे काका स्वयंपाकघरात जाऊन कपाळाला आठ्या घालून उभे राहिले.

"खिडकी इथे? सकाळी चहा पिताना ऊन माझ्या डोळ्यांत येईल. सरकव तिकडे."

काकूंनी लगेच पायाने रेघ पुसली. डोळे पुसायला गेल्या तर गालाला चुना लागला.

"सरकवते. आधी तुम्ही कुठे बसणार ते दाखवा."

काकांनी जागा निवडली आणि तिथेच मातीत ऐसपैस मांडी ठोकली.