भिवराबाईनं खरं सांगितलं

भिवराबाईच्या सुग्रीवकडं कोणीही यावं आणि काहीही मागावं, तो देऊन टाकायचा. मागच्या हंगामात तर त्यानं टोळीच्या मुकादमाचा बैल देऊन टाकला! ऊसतोडीच्या फडावर एक अनोळखी माणूस आला, "जरा बैल दे रं, आलोच" म्हणाला, आणि या पठ्ठ्यानं दावं सोडून कासरा त्याच्या हातात दिला. वर "पाणी पाजा बरं का त्याला" म्हणून बजावलं. बैल गेला तो गेलाच. मुकादमानं विचारलं तेव्हा माणूस आधी काळा होता, मग गोरा झाला, आणि शेवटी बैल आपला आपणच सुटला. झालं! पोरगं चोर ठरलं ते ठरलंच, वर खोटारडंही ठरलं. मुकादमानं उसाच्या टिपऱ्यानं त्याला बडवला. आणि विशीतलं हे पोरगं डोळे पुसून त्याच मुकादमाच्या शेजारी जेवायला बसलं. भिवराबाईच्या मनातून तो मार एकवेळ जायचा, पण ते शेजारी बसणं काही केल्या जायचं नाही.

तेव्हाच तिनं ठरवलं, पोराला पुन्हा फडावर न्यायचं नाही.

पण न नेऊन ठेवायचं कुठं? नेकनूरच्या पुढं डोंगराकडंला त्यांची वाडी. सलग दुसऱ्या साली पाऊस फिरकला नव्हता, टँकर आला तर पाणी. जवळचा सहकारी कारखाना उसाअभावी बंद, म्हणजे टोळीला यंदा आणखी लांब, कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत जाणं आलं. वाडीत कामाची जागा म्हणून एकच उरली होती, ती दूध सोसायटी. भिवराबाई पदर सावरून चेअरमन अर्जुनरावांच्या दारात जाऊन उभी राहिली.

अर्जुनराव माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "ठिवतो की, भिवराबाई. टेम्पोत कॅन चढवायला माणूस लागतोच. पण बैलाचं समद्यांला ठावं हाय. पोरगं चोर न्हाई, त्याच्या डोक्यातच काही कमी हाय, असं एखाद्या डॉक्टरनं सांगू दे. मंग मेंबर लोकांचं मी बघतो."

आता डॉक्टरनं सांगायचं म्हणजे आधी डॉक्टरला कळायला पाहिजे. आणि कळायची वाट भिवराबाईच्याच तोंडातून जात होती, तिथं तर गेल्या काही महिन्यांपासून कुलूप होतं.

त्याचं असं झालं होतं. उपकेंद्राच्या नर्स जानकीबाई अंबाजोगाईला कसल्याशा शिबिराला गेल्या होत्या. आल्यावर सुग्रीवकडं निरखून बघायला लागल्या. बारके डोळे, नाकाखालची पन्हळ सपाट, वरचा ओठ रेघेसारखा. एक दिवस हळूच विचारलं, "भिवराबाई, हा पोटात व्हता तवा तुमी दारू घेत व्हता का?" भिवराबाई जी उठली ती तडक घरी गेली. असं विचारतात होय कोणा बाईला! त्यानंतर तिनं जानकीबाईंचं तोंड बघणंसुद्धा सोडलं होतं.

पण टोळीची गाडी यायची वेळ जवळ आली. अभिमान घेऊन काय चाटायचंय? ती आपण होऊन उपकेंद्रात गेली आणि म्हणाली, "सांगते. पण चारचौघांत न्हाई."

जानकीबाईंनी सगळं नीट जुळवलं. तालुक्याहून डॉक्टरीणबाई यायच्या त्या दिवशी बोलावलं. भिवराबाईच्या नवऱ्याला, उत्तरेश्वरला, बाहेर लिंबाखाली बसवलं. सासू रुक्मिणीबाई मागं लागली होती, तिला गोड बोलून घरी धाडलं. आशाताईला चहाला पाठवलं. दार लोटलं, खिडकी लावली. सुग्रीव कोपऱ्यातल्या स्टुलावर बिस्किटं खात बसला होता. त्याचं काय? त्याला कुठं काय कळतंय!

भिवराबाई बोलली. पहिल्या हंगामाला गेली तेव्हा चौथा महिना होता. थंडी अशी की बोटं कोयत्याला चिकटायची. दिवसभर मोळ्या वाहून कंबर मोडायची आणि रात्री पाचटाच्या कोपीत झोप लागायची नाही. सासूनंच हातभट्टीचा अर्धा पेला पुढं केला. घे, कंबरंला आराम पडंल, पोटातलं लेकरू ऊबंला राहील. टोळीतल्या म्हाताऱ्या पोटुशीला अशीच द्यायच्या, औषधासारखी. "मला तर ती वासानं उलटायची, बाई," भिवराबाई म्हणाली. "नाक दाबून प्याले. रोज सांजंला. पट्टा पडंस्तोवर, हंगाम सरंस्तोवर प्याले." आणि जी रडायला लागली ती थांबेचना.

डॉक्टरीण तरुण होती, पण चांगली. तिनं दोष दिला नाही, उपदेश केला नाही. म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, मावशी. दारू नाळेतून बाळाच्या मेंदूपर्यंत जाते. झालेलं भरून येत नाही. पण त्याची यात काही चूक नाही. हा मुद्दाम खोटं बोलत नाही, आठवलं नाही की मधली जागा मनानं भरतो. मारून काही शिकणार नाही. एका वेळी एकच काम सांगायचं, रोज त्याच जागी, तेच तेच. मग जमेल." अर्जुनरावांना ती स्वतः भेटली. जन्माआधीच मेंदूला इजा झालीय, एवढंच सांगितलं. कशानं, ते सांगितलं नाही. अर्जुनरावांनी मान हलवली, उद्यापासून पाठवा म्हणाले.

त्या रात्री भिवराबाई किती वर्षांनी पोटभर जेवली.

सकाळी सुग्रीव नवा सदरा घालून सोसायटीवर गेला. किटल्या घेऊन अख्खी वाडी रांगेत उभी. कोणीतरी सवयीनं टोमणा मारला, "काय बे, आज कोणाचा बैल सोडणार?" आणि सुग्रीव हरखून, छाती काढून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "मी चोर न्हाई! मी येडा बी न्हाई! मी पोटात व्हतो तवा माझी आई दारू प्यायची. रोज प्यायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, माझी काही चूक न्हाई!"

अरे देवा! त्याला काही कळत नाही असं सगळ्यांनी धरलं होतं, आणि कळायचं ते एकट्या त्यालाच नीट कळलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं होतं की त्याची चूक नाही. ते त्यानं काय पोटात ठेवावं?

अख्खी रांग हसली. त्याला सोडायला आलेली भिवराबाई घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. रुक्मिणीबाई उंबऱ्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "मी कवा दिली? माझ्या हातून असलं पाप व्हईल का?" उत्तरेश्वर एवढंच बोलला, "तुला तोंड उघडायची काय गरज व्हती?" त्यानं हात उगारला असता तर तिला बरं वाटलं असतं. दोन दिवसांनी अर्जुनरावांनी निरोप धाडला, सध्या राहू द्या म्हणून.

जानकीबाई तरातरा त्यांच्याकडं गेल्या. "कावून राहू द्या? पोरगं तेच हाय, काम तेच हाय!"

"बाई, तुमचं खरं हाय," अर्जुनराव म्हणाले. "पण सोसायटीचं इलेक्शन तोंडावर आलंय. दारुड्या घरच्या पोराचा दुधाला हात, असं समोरचे बोंबलत फिरतेत. मी काय करू?"

जानकीबाई परत आल्या आणि भिवराबाईच्या अंगणात खाली मातीतच बसल्या. "चुकलं आमचं. समद्यांला बाहेर काढलं आन् त्याच्यादेखत त्याच्याबद्दल बोललो, तो दगड असल्यागत. आधी त्याच्याशीच बोलाया पायजे व्हतं." भिवराबाई गोधड्या बांधत राहिली. बोलून तिनं एकदा पाहिलं होतं.

गाडी आली. कोयते, भांडी, गोधड्या चढल्या आणि सुग्रीवही चढला. गाडीत मुकादम तोच. सुग्रीव त्याला बघून हसला आणि जागा करून देत सरकला. मांजरसुंबा मागं पडलं तसा तो आईच्या कानाशी लागला.

"आई, दारूनं असं व्हतं हे तुला ठावं व्हतं का?"

"न्हाई रं बाबा."

"आजीला?"

"तिला बी न्हाई."

"मंग कोणाला ठावं व्हतं?"

 भिवराबाईनं त्याचं डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि पदरात तोंड घालून रडली.  तो थोड्या वेळानं झोपला.

सकाळी फडावर उतरले. थंडी पडली होती. सुग्रीव डोळे चोळत तिच्याजवळ आला. कालचं काही त्याच्या ध्यानात नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "दारूनं असं व्हतं हे तुला ठावं व्हतं का?"