दोन आधार कार्डं

माझी तिसरी मुलगी मला मोठी आई म्हणते. कागदावर मी तिची चुलती आहे, तेव्हा तिचं काही चुकत नाही.

आमच्या गावचं सरपंचपद बाईला सुटलं तेव्हा घरात बैठक बसली. दोन सुनांपैकी मी थोरली, बारावी शिकलेली, आणि मला लेकरं दोनच. दोनांहून जास्त असली की निवडणूक लढवता येत नाही. निवडून आल्यावर तिसरं झालं तर पद जातं. मी पात्र ठरले ती अशी. दोन्ही मुलीच, ही घरातली कायमची कुरकुर त्या दिवसापुरती थांबली. धाकट्या जाऊला मूल नव्हतं. तिला कोणी विचारलंही नाही.

कारभार नवऱ्यानं केला. मी सह्या केल्या, पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी ओढली. पण हळूहळू मी कागद वाचून सही करायला लागले. शाळेत मुलींच्या संडासाला दार नव्हतं, ते ग्रामसेवकाच्या मागं लागून बसवून घेतलं. एवढंच केलं. पण त्यानंतर बाया मला नळावर थांबवून अडचणी सांगू लागल्या, आणि मला ते फार आवडलं.

सासूबाईंना मात्र नातू हवा होता. दुसरीच्या वेळीच ऑपरेशन करते म्हटलं तर करू दिलं नाही. मग नवऱ्यानं करून घ्यावं म्हटलं, तर आठ दिवस घरात माझ्याशी कोणी धड बोललं नाही. शेवटी दिवस राहिले. पाडायचं नाही आणि पदही सोडायचं नाही, यावर तोडगा सासूबाईंनीच काढला. पाचव्या महिन्यात मला औंढ्यापलीकडं माहेरी धाडलं आणि जाऊला तिच्या माहेरी. गावात सांगितलं, धाकटीला दिवस गेलेत आणि थोरलीची आई आजारी आहे. निघताना सासूबाई माझ्यादेखत नवऱ्याला म्हणाल्या, "पोरगा झाला तर आपला. खुर्ची गेली तर जाऊ दे. पोरगी झाली तर धाकटीच्या नावानं लाव."

चार महिने मी गावात नव्हते. नवरा मोटारसायकलवर रजिस्टर घेऊन यायचा, सह्या घेऊन जायचा. सरपंचबाई कुठं आहेत, असं गावात एकानंही विचारलं नाही. विरोधी पॅनलनंसुद्धा नाही. खुर्चीत आधीही तोच बसत होता, त्यामुळं कोणाला काही कमी दिसलंच नाही. मला तेव्हा पोटातल्या लेकरापेक्षा याचंच जास्त वाईट वाटलं. आज त्याची लाज वाटते.

दवाखाना ओळखीचा होता, आईचं नाव मागाहून लिहायचं ठरलं होतं. नवरा दारात उभा होता, शर्टाच्या खिशात दोन आधार कार्डं घेऊन, एक माझं, एक जाऊचं. नर्सनं पोरगी झाल्याचं सांगितलं आणि त्यानं खिशात हात घातला. कुठलं कार्ड काढलं ते मला कोणी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

नेमका त्याच सुमारास सरकारनं नियम केला, की लेकराच्या नावाला आधी आईचं नाव जोडायचं, मग बापाचं. बाईचा मान म्हणून. माझ्या मुलीच्या दाखल्यावर तिच्या नावाला लागून जाऊचं नाव आहे. सरकारनं मला खुर्ची दिली, माझी लेकरं मोजली, आईला मानही दिला. तिसरं कोणाला हवं होतं, हे तेवढं विचारलं नाही.

जाऊच्या अंगावर दूध नाही, बाटलीचं पाजतो असं गावात सांगून मी पोरीला दार लावून पाजलं. दात आल्यावर तेही सुटलं.

यंदा मुदत संपली. हळद शिजवायच्या दिवसांत सगळे अंगणात होते तेव्हा मी विषय काढला. आता खुर्ची नाही, दाखला दुरुस्त करून घेऊ, जे होईल ते मी सोसते. नवरा हसला. पुढच्या बारीला जागा खुली सुटली तर तो स्वतः उभा राहणार होता, म्हणून कागदावर दोनच राहायला हवी होती. सासूबाई म्हणाल्या, लेकरू घरातच तर हाय, कुठं गेलंय. दीर खाली मान घालून चुलीत जाळ सारत राहिला.

मी जाऊकडं पाहिलं. लग्नाला दहा वर्षं होऊनही मूल नाही म्हणून तिला डोहाळजेवणाला, बारशाला कोणी बोलावत नव्हतं. आता पाळण्याशी तिलाच पुढं करतात. तिला बोललेलं सगळं मी ऐकलेलं होतं, कधी कधी मीही गप्प बसले होते. तरी ती माझ्या बाजूनं बोलेल असं मला वाटलं. तिनं पोरीला कडेवर घेतलं आणि धूर लागू नये म्हणून तिच्या तोंडावर पदर धरला.

"आक्का," ती हळूच म्हणाली, "तुमाला दोन हायत की."

निवडणुकीच्या अर्जात हेच मी माझ्या हातानं लिहून, खाली सही केली होती.