तान लागली, सर

परीक्षेच्या आदल्या दिवशी कॉलेजने आमच्यासाठी तणावमुक्ती शिबिर ठेवलं. ताण वाढवायचा याहून खात्रीचा उपाय मला आजही सुचत नाही. हॉल तिकिटं शिबिर संपल्यावर तिथेच वाटणार होते, म्हणजे पळायची सोय नव्हती. नव्वदचं दशक सरत आलं होतं, एप्रिल होता, सभागृहावर टिनाचं छप्पर होतं आणि वीज गेलेली होती. एवढी वीज तयार करणाऱ्या चंद्रपुरात वीज जाते, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. आम्हाला ती आली की वाटायचं.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, पण दुसऱ्या वर्षाचा गणिताचा एक पेपर अजून मानेवर बसलेला होता. तोच दुसऱ्या दिवशी सकाळी होता. तो पुन्हा गेला असता तर शेवटच्या वर्षाचा निकाल अडकला असता, बी.एड.चा प्रवेश अडकला असता. पदवीचं नाव सांगून मी घरी जी स्थळं थोपवून धरली होती, ती मात्र अजिबात अडकली नसती.

सगळी भिस्त माझ्या रूममेटवर होती. ती चामोर्शीकडची, धान पिकवणाऱ्या घरातली, आणि गणितात आमच्या प्राध्यापकांपेक्षा कमी बोलून जास्त समजावणारी. डिफरन्शियल इक्वेशनचं एक प्रकरण माझ्या डोक्यात काही केल्या शिरत नव्हतं. ते समजावून ती दुपारच्या गाडीने घरी जाणार होती; तिचे पेपर पुढच्या आठवड्यात होते. शिबिर तासाभरात आटपेल, असं आम्ही धरून चाललो होतो. मंचावर किती खुर्च्या मांडल्यात, ते आधी पाहायला हवं होतं.

अध्यक्ष होते, उद्घाटक होते, प्रमुख पाहुणे होते आणि प्रमुख पाहुण्यांसोबत सहज आलेले त्यांचे साडूही होते. सर्वांना हार. समई पहिल्याच काडीला पेटली, कारण पंखे बंद होते. विजेने त्या दिवशी केलेली तेवढीच मदत. मंचावर झाकण घातलेले पाण्याचे ग्लास होते. आमचं पाणी बाहेर व्हरांड्यातल्या माठात होतं, आणि दारात एक प्राध्यापक हाताची घडी घालून उभे होते.

मग पुण्याहून आलेले व्याख्याते उठले. आवाज मऊ, मराठी स्वच्छ.

"मला सांगा, तुमच्यापैकी किती जणांना ताण जाणवतो?"

आता हे सांगायला हवं की आमच्याकडे तहानेला तान म्हणतात. आणि 'ण' आम्ही फारसा वापरत नाही. पाणी म्हणजे पानी, कोण म्हणजे कोन. त्यामुळे प्रश्न ऐकताच सगळ्या सभागृहाचे हात वर गेले. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "लय तान लागून राह्यली, सर!"

व्याख्यात्यांचा चेहरा उजळला. इतका प्रामाणिक श्रोतृवर्ग त्यांना पुण्यात कधी मिळाला नसावा. त्यांनी पुढच्या रांगेतल्या एकाला उभं केलं.

"केव्हापासून जाणवतोय?"

"सकाळपासून, सर."

"घरी कोणाशी बोललात?"

"घरी काऊन बोलू, सर? घरी पानी हाय ना."

सभागृह हसलं. व्याख्यातेही हसले, आणि विनोद ही ताणमुक्तीची पहिली पायरी आहे असं म्हणाले. मंचावरच्या प्राचार्यांना नेमकं काय चाललंय ते कळत होतं, कारण ते इथलेच होते. पण पाहुण्यांना दुरुस्त करणं त्यांच्या शिष्टाचारात बसत नव्हतं. ते आपल्या ग्लासाकडे बघत बसले. अध्यक्षांनी पाणी प्यायल्याशिवाय तेही पिऊ शकत नव्हते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"आता डोळे मिटा," व्याख्याते म्हणाले. "दीर्घ श्वास घ्या."

सगळ्यांनी डोळे मिटले, दारातल्या प्राध्यापकांनीही. रूममेटने माझा हात ओढला.

"चाल ना वं. बस निघून जाईन माही."

माठाजवळ आम्ही आधी पोटभर पाणी प्यायलो. वह्या-पेन होस्टेलवर. तिने ग्लासात बोट बुडवलं आणि व्हरांड्याच्या फरशीवर समीकरण लिहायला लागली. फरशी तापलेली. दुसरी ओळ लिहीपर्यंत पहिली उडून जायची.

"लवकर पाह्य. हे इकडे गेलं का चिन्ह बदलते."

"पुसलं गेलं ना!"

"मंग ध्यानात ठेव. तुले कोनी वही देनार हाय का इथी?"

आतून आवाज येत होता, "श्वास सोडा… सगळं सोडून द्या…" आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एखादं गणित सोडून न देता धरून ठेवत होते.

तेवढ्यात चपलांचा आवाज आला. प्राचार्य. हॉल तिकीट त्यांच्या सहीशिवाय मिळणार नव्हतं.

"काऊन वं पोरीहो, इथी काय करून राह्यल्या?"

"तान लागली होती, सर," रूममेट म्हणाली.

प्राचार्यांनी ओल्या फरशीकडे पाहिलं. उरलेली अर्धी ओळ वाळत होती.

"कोनती?"

"दोनी, सर."

त्यांनी माठातून ग्लास भरला, एका दमात प्यायले, पुन्हा भरला. मग रुमालाने मिशा पुसल्या.

"आभारप्रदर्शन राह्यलं आहे," ते म्हणाले. "ते लांबते. तेवढ्यात आटपा."

ते खरोखरच लांबलं. आभारांत मंडपवाल्याचं नाव आलं, साडूंचं आलं, आणि विजेअभावी बंद असलेल्या ध्वनिक्षेपकाच्या मालकाचंही आलं. तेवढ्या वेळात ते प्रकरण माझं दोनदा झालं. रूममेट हॉल तिकीट घेऊन बसस्टँडकडे पळाली. गाडी तिला मिळाली, पण जागा नाही. चामोर्शीपर्यंत उभी गेली, हे तिने मला पुढे अनेक वर्षं ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी त्या प्रकरणावरचा प्रश्न आला. लिहिताना मी घाई केली, का ते मला आजही सांगता येणार नाही. कागद काही वाळत नव्हता. त्या पेपरात पास झाले, जेमतेम. शिबिराचा अहवाल कॉलेजच्या वार्षिकात छापून आला. सर्व विद्यार्थ्यांनी आपला ताण मोकळेपणाने मान्य केला, असं त्यात होतं. पाण्याचा उल्लेख नव्हता.